धकातेकाकांनी घेतलेली स्कॅनरची परीक्षा

तुमच्या घरी भिंतीवर आईचा, आजीचा किंवा आत्याचा लग्नाआधीचा फोटो असेल, तर खरं सांगा: त्यातल्या चेहऱ्याचा रंग तिचा आहे, की फोटो काढणाऱ्याचा?

हा प्रश्न भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या धकातेकाकांचा. दुकानात कुणीही आलं, पासपोर्टचा फोटो काढायला किंवा नुसता पत्ता विचारायला, की ते त्याला हे विचारायचे. माणूस गोंधळायचा. मग काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "घरी जाऊन पाहा, मंग सांगजा." बरेच जण परत येत नसत. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. "प्रश्न तं सोबत घेऊन गेला न," म्हणायचे.

बाजारामागच्या बोळात त्यांचा स्टुडिओ होता. मी पाहिला तेव्हा तो नावालाच उरलेला, आत तीन लोखंडी पेट्या भरून निगेटिव्ह आणि एक स्टूल, आणि मागच्या दोन खोल्यांत काका-काकूंचं घर. काका मूळचे मोहाडीच्या विणकर घरातले. वडील कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणायचे. काकांनी माग सोडून कॅमेरा धरला, पण विणकराची एक सवय त्यांना सुटली नाही. कापडाचा रंग दिव्याखाली पाहायचा नसतो, दारात नेऊन पाहायचा असतो. काका सगळंच दारात नेऊन पाहायचे. भाजी, औषधाची गोळी, लग्नपत्रिका, मोबाइलवर आलेला नातवाचा फोटोसुद्धा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा "इकडं ये पोरी" म्हणून मलाही दारात उभं केलं, चेहरा नीट पाहिला आणि मगच "बस" म्हणाले.

फोटो काढताना ते कुणाला "हसा" म्हणत नसत. "सकाळी काय जेवले?" असं विचारायचे, आणि माणूस आठवायला लागला की बटण दाबायचे. निगेटिव्हच्या पाकिटावर नाव आणि गाव लिहायचेच, शिवाय हवा कशी होती आणि माणूस काय बोलला हेही. "गणपत, आंबागड. ढग. बैल विकायचा नाही म्हणाला." अशी हजारो पाकिटं. फोटो चांगला आला की त्यांची एकच पावती असे: "आहे तसं आहे."

काकू यावरून त्यांना सोडत नसत. "पन्नास वर्षांत या माणसानं मले एकदा चांगली दिसते म्हणतलं नाही. इचारलं तं म्हणते, आहे तशी आहेस. लेकाचा फोटोवाला!" काका शांतपणे म्हणायचे, "खोटं बोललो असतो तं तुले आवडलं असतं का?" "हाव," काकू म्हणायच्या, "लई आवडलं असतं."

मी त्यांच्याकडे गेले ती एका पत्रकासाठी. आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा चळवळीची पत्रकं जास्त यायची. पत्रकात सत्याला जरा जोर द्यावा लागतो, असं मी लहानपणापासून धरून चाललेली. अंगमेहनत करणाऱ्या बायांवर मला एक पत्रक काढायचं होतं आणि काकांकडे चिखल्याच्या खाणीवर मँगनीजचे खडे निवडणाऱ्या बायांचे जुने फोटो होते. त्यांनी एक दिला. मी तो संगणकावर चांगला गडद केला. बाईचा चेहरा काळाकुट्ट, डोळे तेवढे पांढरे. वाचणाऱ्याच्या काळजाला चर्र व्हावं असा. पाचशे प्रती छापल्या आणि पहिली प्रत मोठ्या अभिमानानं काकांना नेऊन दिली.

ते ती घेऊन दारात गेले. बराच वेळ परत आले नाहीत.

"हिचं नाव कौसल्या," आत येऊन म्हणाले. "हिले तू अजून काळी काहून केली?"

"काका, कष्ट दिसावेत म्हणून."

"कष्ट तिच्या हातात दिसते. चेहरा काळा केला म्हणजे कष्ट दिसते, हे तुले कोणं सांगतलं?"

मी तावातावानं भांडले. गोऱ्या रंगाचं वेड असलेल्या या समाजाला हादरा द्यायला हवा, हा चेहरा त्यांच्या तोंडावर फेकायला हवा, वगैरे. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मी शेवटी म्हणाले, "माझा उद्देश तर चांगला होता ना?"

"उद्देश माहाबी चांगलाच होता," काका म्हणाले, आणि उठून पेट्यांच्या मागून एक स्टीलचा डबा घेऊन आले. डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी होती, ओल धरू नये म्हणून. त्या पुरचुंडीवर एकच पाकीट. "यमुना, आंबागड. ढग. बसायला घाबरली."

ती पत्रकं मी वाटली नाहीत. का, ते आता सांगते.

पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. यमुनाचे वडील आंबागडचे, तळ्याखाली धानाची शेती करणारे. मुलीचा फोटो पाहुण्यांकडे पाठवायचा होता. फोटो काढून झाल्यावर ते काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, थोडी उजळ करून द्या. पोरीचं भलं होईन." त्या काळी सगळेच म्हणायचे आणि सगळेच स्टुडिओवाले करायचे. निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी पातळ लाल रंगाचा ब्रश फिरवायचा. लाल रंग जितका दाट, तितका कागदावर चेहरा गोरा. काका तेव्हा पंचविशीचे, आणि त्यांच्या हाताचं तुमसरभर नाव होतं. "असा हात फिरवला होता पोरी," ते सांगत होते, "का रंग लावला आहे हे दुसऱ्या फोटोवाल्यालेबी कळू नये."

लग्न ठरलं नाकाडोंगरीच्या घरात. मुलाकडून एक म्हातारे मामा येऊन पाहून गेले, नवऱ्यानं पाहिला तो फक्त फोटो. अंतरपाट खाली आला आणि नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, "फोटोतली कुठं आहे?" वडीलधाऱ्यांनी समजूत घालून लग्न पार पाडलं. पण सासूनं तो फोटो चौकट करून पुढच्या खोलीत लावला. आल्यागेल्याला दाखवायची: ही पाहिली होती, आणि ही मिळाली. त्या घरात यमुनाला कुणी यमुना म्हटलं नाही. तिचं नाव पडलं फोटोवाली.

काकांना यातलं काही माहीत नव्हतं. चार वर्षांनी एक बाई तान्ही मुलगी घेऊन स्टुडिओत आली. मुलीला स्टुलावर ठेवलं आणि म्हणाली, "मास्तर, हिले आहे तशीच काढजा. माह्यावानी नका करू."

"मी तिले ओळखलंच नाही," काका म्हणाले. "माह्या ध्यानात माह्याच हातचा चेहरा होता."

यमुनानं सगळं सांगितलं. त्या दिवशी त्यांनी ब्रश कायमचा खाली ठेवला. लग्नाच्या फोटोंची गिऱ्हाइकं हळूहळू दुसऱ्या स्टुडिओत गेली. काकूंनी शिलाईमशीन घेतली आणि घर ओढलं. काकू हे कधी कडवटपणे सांगत नसत. फक्त म्हणायच्या, "ह्यायचं खरं बोलणं मी पायानं चालवलं." आणि मशीन चालवल्यासारखा पाय हलवून दाखवायच्या.

काकांच्या मनात एकच होतं. यमुनाला तिचा चेहरा परत द्यायचा. तो होता, त्या लाल रंगाखाली निगेटिव्हमध्ये होता. रंग पाण्यानं धुऊन निघतो, पण ती परत येण्याआधीच्याच एका पावसाळ्यात दुकान गळलं आणि निगेटिव्हला बुरशी लागली. बुरशी लागलेली फिल्म पाण्यात घातली तर वरचा थर दुधावरच्या सायीसारखा सुटून येतो. म्हणजे धुवायला जावं तर चेहराच जायचा. गंमत अशी, की काकांना तो चेहरा दिसत होता. डार्करूमच्या लाल दिव्यात लाल रंग दिसेनासा होतो. ते दिवा लावून, निगेटिव्ह समोर धरून तिला पाहायचे. पण फोटोच्या कागदाला लाल उजेड कळत नाही, आणि दुसरं काही साधन त्यांच्याजवळ नव्हतं. एकट्यानं पाहायचं आणि पाकिटात ठेवून द्यायचं. वर आता डोळ्यांना काचबिंदू झाला होता. "माहा उजेड संपायच्या आत हे झालं पाहिजे," एवढंच ते म्हणाले.

मी नागपूरहून एक जुना स्कॅनर आणला. पाटीसारखा सपाट, झाकणात दिवा असलेला, फिल्म काचेवर ठेवायची. काकांना समजावून सांगितलं की हा लाल, हिरवा आणि निळा उजेड वेगवेगळा मोजतो.

काका स्टुलावरून उठले. "लाल वेगळा?"

"हो."

"मंग लाल तेवढाच पाहता येते?"

"येतो."

मला वाटलं, आता डबा उघडतील. त्यांनी डब्याला हातही लावला नाही. "पहिले याची परीक्षा घेऊ," म्हणाले.

"काका, कंपनीचं मशीन आहे."

"मीबी नावाजलेला हात होतो."

आम्ही कुठल्याशा लग्नातली एक निगेटिव्ह लावून पाहिली. पडद्यावर फोटो असा झकास आला की मी टाळी वाजवली. काकांचा चेहरा पडला. चाळीस वर्षांची मळलेली फिल्म, आणि हे कसं इतकं स्वच्छ? "पहिल्याच दिवशी एवढा गोड बोलणारा जावई दिसला का माणसानं सावध व्हावं," ते म्हणाले. "हा उजेड मोजून नाही राहिला. हा आपल्याले खूश करून राहिला."

मग सुरू झाली परीक्षा. पांढऱ्या भिंतीसमोर कॅमेरा धरून काकांनी एक अख्खा रोल एकसारखा करडा करून आणला. त्याचा एक तुकडा काचेवर ठेवला. संगणकावर फोटोच्या कुठल्याही जागी बाण नेला की तिथं किती उजेड पोचला त्याचा आकडा दिसतो. तो मी वाचला, काकांनी पाकिटाच्या मागे लिहिला. मग त्याच तुकड्याशेजारी काळा पुठ्ठा ठेवायचा आणि पुन्हा मोजायचं. तुकडा तोच, दिवा तोच, तर आकडाही तोच यायला हवा.

पहिल्या दिवशी पुठ्ठा आम्ही इतका वर सरकवला की काचेच्या टोकाची मोकळी पट्टीच झाकली गेली. स्वतःचा दिवा किती प्रखर आहे, हे मशीन तिथून पाहून घेतं. सगळ्या पडद्यावर नुसते पट्टे उमटले. काकू दारातून म्हणाल्या, "डोळ्यावर हात ठेवून वाचायले लावता बिचाऱ्याले!"

पुठ्ठा नीट ठेवल्यावर मात्र काकांची शंका खरी निघाली. शेजारी काळं ठेवलं की करड्या तुकड्याचा आकडा बदलायचा. काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "पाहा! शेजारच्याचं पाहून पेपर लिहून राहिला."

मी एकेक सोय बंद करत गेले. आपोआप उजळणं बंद, रंग सुधारणं बंद, धूळ काढणं बंद. तरी आकडा हलायचाच. कुठं तरी आत, आम्हाला न विचारता, मशीन काही तरी करतच होतं. तीन दिवस गेले. मी चिडून म्हणाले, "काका, एवढासा फरक आहे. डोळ्याला दिसतसुद्धा नाही."

"माहा ब्रशबी डोळ्याले दिसत नव्हता," काका म्हणाले.

पत्रकातल्या बाईला काळं करताना मला तरी कुठं काय दिसलं होतं?

चौथ्या दिवशी मला दुसरा एक प्रोग्रॅम सापडला. तो मशीनकडून फक्त मोजलेले आकडे घेतो, त्यावर काहीही करत नाही. त्यातून निघालेलं चित्र इतकं अंधारं, मळकट आणि काळ्याचं पांढरं असं उलटं होतं, की मला वाटलं स्कॅनर बिघडला. काका मात्र स्टूल पुढं ओढून बसले. पुठ्ठा ठेवला, आकडा तोच. काढला, आकडा तोच. वर सरकवला, खाली सरकवला, आकडा तोच.

तेवढ्यानं ते थांबले नाहीत. करड्या फिल्मच्या पट्ट्या कापून त्यांनी एक पायरी रचली: एक पट्टी, मग दोन एकावर एक, मग तीन. एका पट्टीतून निम्मा उजेड जात असेल, तर दोन पट्ट्यांतून पाव गेला पाहिजे आणि तिनांतून त्याचाही निम्मा. मशीन लबाडी करत असेल तर ही पायरी मोडते, कारण त्याला अंधाऱ्या जागा उजळून दाखवायची हौस असते. आधीच्या प्रोग्रॅमनं पायरी मोडली होती. यानं नाही मोडली. लाल, हिरवा, निळा, तिन्हींत वेगवेगळी तपासली. निम्मा, पाव, पावाचा निम्मा. किंचित इकडंतिकडं होतं, त्यावर काका म्हणाले, "मागावरबी एखादा धागा हलते. त्याले लबाडी नाही म्हणत."

शेवटी एका कोऱ्या फिल्मवर त्यांनी जुन्या बाटलीतल्या त्याच लाल रंगाचा ब्रश ओढला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. स्कॅन करून फक्त लाल उजेडाचं चित्र पाहिलं, तर ब्रशचा फटकारा कुठंच नव्हता.

"पास," काका म्हणाले, आणि डबा उघडला.

यमुनाचं चित्र पडद्यावर आलं. मी ते उलट्याचं सुलटं केलं, आणि दिसेल एवढा उजेड सगळ्या चित्राला सारखाच दिला, तोही काकांना विचारून. बाकी कशालाही हात लावला नाही. सावळी, रुंद कपाळाची मुलगी. ओठ घट्ट मिटलेले. उजव्या भुवईवर देवीचा बारीकसा व्रण.

"हा व्रण मी खाल्ला होता," काका म्हणाले. काकू शिलाईमशीन थांबवून आल्या, पडद्याकडे पाहिलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

फोटो छापून घेऊन आम्ही माझ्या गाडीवर नाकाडोंगरीला गेलो. मोहफुलांचे दिवस होते. यमुनाबाई अंगणात फुलं पसरत होत्या. साठी उलटलेली, काटक बाई.

"कोन? मास्तर?" त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "अजून हायत का तुमी? मले वाटलं, फोटोले हार चढला असन!"

"तुह्यासाठीच थांबलो होतो बाई," काका म्हणाले, आणि पाकीट पुढं केलं.

त्यांनी फोटो पाहिला. हात पदराला पुसले आणि पुन्हा पाहिला. "हे कोन व?" मला विचारलं.

"तुम्हीच."

त्या आत गेल्या आणि भिंतीवरची जुनी चौकट काढून घेऊन आल्या. खाटेवर दोन्ही फोटो शेजारीशेजारी ठेवले. एकाकडे पाहायच्या, मग दुसऱ्याकडे. भुवईवरच्या व्रणाला बोट लावलं, फोटोतल्या आणि मग स्वतःच्या.

"मी तं चांगलीच होती," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मंग काहून पुसलं मले?"

काका उभेच होते. "तुह्या बापानं म्हणतलं..." एवढं बोलून थांबले. मग मान हलवली. "नाही. मीच पुसलं. मले माहा हात दाखवाचा होता."

यमुनाबाईंनी खाटेवरचे फोटो बाजूला सारले. "बाप गेला, सासू गेली, मालकबी गेले," त्या म्हणाल्या. "आता भांडाले एकटे तुमीच उरले. बसा. चहा मांडतो."

चहा झाला. निघताना काकांनी जुनी चौकट मागितली, फोडून टाकतो म्हणाले. यमुनाबाईंनी ती पोटाशी धरली. "ठेवून द्या. नातीचं पाहून राहिले आता. पाहुने येतीन त्यायले दोनी दाखवीन. म्हनीन, पोरगी अशी पुसून पाहिजे असन तं आमच्या दारात येऊ नका."

परतताना अर्ध्या रस्त्यात काकांनी मला गाडी थांबवायला लावली. "तिनं माफ केलं का व?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही. "मलेबी नाही कळलं," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला हलकेपणा होता.

त्यानंतर काका मला एकदाच दिसले, तेही बसच्या खिडकीतून. तुमसरच्या स्टँडजवळ एक नवा, लखलखीत फोटोचा स्टुडिओ झाला आहे. त्याच्या पायरीवर काका उभे होते, जाड काळा चष्मा लावून. एक कॉलेजची मुलगी नुकताच काढलेला फोटो हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. दुकानाचा मालक काउंटरवरून हात उडवून काही तरी ओरडत होता. काका त्याच्याकडे पाहतही नव्हते. ते त्या मुलीला काही सांगत होते आणि मुलगी खळखळून हसत होती. मग ती वळली आणि फोटो परत काउंटरवर ठेवला. बस सुटली. पुढं दोन महिन्यांनी काका गेले. डोळ्यांआधी हृदय थांबलं.

आता तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या घरात कुण्या मुलीचं लग्न जुळवणं चालू असेल, तर तिचा जो फोटो तुम्ही पाहुण्यांना पाठवता आहात तो उघडा. तिला शेजारी बसवा. फोटो तिचा नसेल, तर आज संध्याकाळच्या आत तो परत मागवा आणि तिच्या पसंतीचा, तिच्या रंगाचा दुसरा पाठवा. कुणी नाही म्हटलं, तर म्हणू द्या.